झिंक ऑक्साइडची भुकटी तेलात घोटून सनस्क्रीन का होत नाही

नमस्कार. सनस्क्रीन घरी करू नका, या माझ्या सल्ल्यावर तुमचा आक्षेप असा: झिंक ऑक्साइड आरशासारखे ऊन परतवते, मग ते तेलात घोटले काय आणि विकतच्या क्रीममध्ये असले काय, फरक कसला? शिवाय विकतच्या क्रीममधले नॅनो (अतिसूक्ष्म) कण रक्तात जातात, असेही तुम्ही लिहिले आहे.

आरशाची समजूत फार चिवट आहे. प्रत्यक्षात झिंक ऑक्साइड अतिनील किरण मुख्यतः शोषून घेते. परतवण्याचा वाटा जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास असतो. पण घरच्या मिश्रणाचे घोडे अडते ते थरापाशी. तेलात भुकटीच्या गुठळ्या होतात आणि त्या तळाशी बसतात. काचेवर पातळ थर देऊन उजेडासमोर धरा: पांढरे ठिपके दिसतील आणि मधे स्वच्छ काच. त्वचेवरही हेच होते. समजा १० टक्के जागा उघडी राहिली. मग बाकीचा थर कितीही भक्कम असला तरी १० टक्के किरण आत जाणारच, म्हणजे एसपीएफ (त्वचा भाजवणारे किरण किती पट कमी होतात तो आकडा) १० च्या वर जाऊच शकत नाही. त्या उघड्या जागी यूव्हीबी (त्वचा भाजवणाऱ्या अतिनील) किरणांनी पेशींच्या डीएनएमधले शेजारशेजारचे थायमिन नावाचे घटक एकमेकांना जोडले जातात. सगळे नुकसान दुरुस्त होत नाही आणि उरलेल्यातून कर्करोगाची सुरुवात होऊ शकते. म्हणून मी इतक्या आग्रहाने नको म्हणतो.

काचेवर थर एकसारखा दिसला तरी एसपीएफ सिद्ध होत नाही, हेही लक्षात असू द्या. तो मोजावाच लागतो.

नॅनोबद्दल: धडधाकट त्वचेवर हे कण वरच्या मृत थरातच राहतात. रक्तात जस्ताचा (म्हणजे झिंकचा) अंश सापडला आहे, पण शरीरात मुळातच असलेल्या जस्तापुढे तो नगण्य आहे. काळजी करायचीच तर फुप्फुसांची करा. कोरडी भुकटी मिसळताना ती उडते आणि श्वासावाटे आत जाते.

विकतची क्रीमही हात राखून लावली तर उपयोग नाही. एसपीएफ मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या हिशेबाने. चेहरा आणि मान मिळून साधारण अर्धा चमचा. मॉइश्चरायझरमध्ये कालवू नका, २० टक्के झिंक निम्म्याने मिसळले की १० वर येते आणि थरही फाटतो. मॉइश्चरायझर आधी लावा, मुरू द्या, मग सनस्क्रीन. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. पांढरेपणा नको असेल तर आयर्न ऑक्साइड असलेली रंगीत क्रीम घ्या.