माझ्या पाठची

मराठीत धाकट्या भावंडाला आपण 'पाठचे' म्हणतो. माझ्या पाठची बहीण १९९२ च्या गणपतीच्या आधी गुवाहाटीच्या एका शिशुगृहातून आमच्या घरी आली, तेव्हा ती दीड वर्षाची होती आणि मी सात वर्षांची. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. आसाममधली बदली संपवून आम्ही देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी कायमचे परतलो ते तिला घेऊनच. तिचे डोळे बारीक, गालांची हाडे वर आलेली, केस सरळ आणि दाट. आमच्या घरात सगळे सावळे आणि कुरळ्या केसांचे. पहिल्या दिवशी ओटीवर जमलेल्या बायकांना जे दिसले, ते पुढे तीस वर्षे प्रत्येकाला दिसत आले. फक्त आमच्या घरात ते कुणाला दिसत नव्हते, निदान आम्ही तसे म्हणत होतो, आणि आज मला लिहायचे आहे ते याच म्हणण्याबद्दल.

गेल्या महिन्यात रत्नागिरीच्या एका ओळखीच्या जोडप्याचा फोन आला. त्यांना सात वर्षांचा मुलगा आहे आणि ईशान्येकडच्या एका राज्यातली मुलगी दत्तक घेण्याची त्यांची प्रक्रिया सुरू आहे. 'तुमच्या घरी काही अडचण आली का?' असे त्यांनी विचारले, आणि 'नाही हो, आम्ही कधी फरकच केला नाही' हे लहानपणापासून पाठ असलेले उत्तर माझ्या ओठांवर येऊन थांबले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. धाकटीने हे वाचले आहे, दोन ठिकाणी मला दुरुस्त केले आहे आणि एक प्रसंग काढून टाकायला सांगितला आहे. तो मी काढला आहे.

आईबाबांनी खरोखरच फरक केला नाही. ताटात, कपड्यांत, मारात, कौतुकात कुठेही नाही. सुरुवातीला रुसलेली आजी वर्षभरात तिला मांडीवर घेऊन गौरीच्या ओवशाची सुपे भरू लागली. गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायच्या चौकटीला, कवंडळाची फळे आणि आंब्याचे टाळ कुठून आणायचे, हे आज आमच्या घरात तिच्याइतके कुणाला ठाऊक नाही. कुणी काही विचारले की आई अभिमानाने सांगायची, "आमच्या दोघींत काडीचा फरक नाही." हे वाक्य प्रेमाचे होते, यात मला शंका नाही. पण घरात जो फरक नाहीच असे ठरलेले असते, त्याच्याबद्दल घरात तक्रारही करता येत नाही. धाकटी रोज बाहेरून काहीतरी ऐकून यायची आणि ते ठेवायला तिला घरात जागा नव्हती.

बाहेर काय ऐकायची, हे आमच्या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. हापूसच्या बागांची राखण आमच्याकडे बहुतांशी नेपाळहून आलेली माणसे करतात. पावसाळा सरला की ती येतात, मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, राहतात, रात्रभर बत्ती घेऊन कलमांमधून फिरतात, आणि हंगाम संपला की परततात. रत्नागिरीच्या ट्रॉलरांवर खलाशी म्हणूनही तीच माणसे दिसतात. आमचा आंबा आणि आमची मासळी त्यांच्या हातांवर चालते, आणि तरीही 'गुरखा' हा शब्द आमच्या पोरांच्या तोंडी हिणवण्यासाठीच येतो. धाकटी शाळेत जाऊ लागली त्या पहिल्याच महिन्यात तिला 'गुरख्याचा चेडू', म्हणजे गुरख्याची पोर, हे नाव पडले. ती नेपाळची नव्हती, आणि असती तरी काय बिघडले असते, हा विचार तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नाही. आम्ही फक्त 'ती नेपाळी नाही' एवढेच सांगत राहिलो, म्हणजे ती शिवी आहे हे आम्हीही मान्यच केले.

शाळेची वाट सड्यावरून होती. उघडा कातळ, जूनमध्ये त्यावर पाणी साचून शेवाळ धरायचे आणि लहान मुले हात धरून चालायची. मी सातवीत आणि ती पहिलीत असताना वाडीतली तीन मुले तिच्या मागून तेच नाव ओरडत चालली होती. मी तिचा हात सोडला आणि दहा पावले पुढे गेले. का गेले, हे मला तेव्हाही नीट कळत होते आणि आजही कळते: त्या मुलांनी माझ्याकडे वळून 'ही तुझी सख्खी बहीण आहे काय?' असे विचारू नये म्हणून. ती पडली नाही, रडली नाही. शाळेच्या पायरीशी मी थांबले तेव्हा ती माझ्या बाजूने आत निघून गेली. घरी तिने सांगितले नाही, मीही सांगितले नाही. आईबाबांना जे कधीच कळले नाही ते मी रोज पाहत होते, आणि म्हणूनच मला वाटते की अशा घरात पोटच्या मुलावर जी जबाबदारी येते ती आईबापांच्या जबाबदारीहून वेगळी आहे. शाळेच्या वाटेवर, वर्गात, जत्रेत आईबाप नसतात. तिथे भावंड असते.

दुसरा प्रसंग ती नऊ वर्षांची असतानाचा. एप्रिलचा शेवट, पडवीत आंबा भरणे चालू होते. मी पेंढा पसरत होते, आई फळ निवडत होती आणि धाकटी पेट्यांवर मार्का मारत होती: पत्र्याचा छाप फळीवर धरायचा आणि काळ्या रंगाचा ब्रश त्यावर ठोकायचा. हे काम तिला फार आवडायचे आणि तिच्या छापाची कड कधी फुटायची नाही. वाशीच्या बाजारातले एक व्यापारी माल बघायला आले होते. त्यांनी तिच्याकडे पाहून हिंदीत हुकूम सोडला, "ए, पानी ला." तिने मान वर न करता सांगितले, "शेट, पाणी देतंय, पण तुमच्या हातातली पेटी पाच डझनाची हा, चाराची नाय." व्यापारी चकित झाले. "अरे वा, ही तर आपल्यासारखीच बोलते!" सगळे हसले. बाबाही हसले आणि म्हणाले, "आमचीच ती." संभाषण आंब्याच्या दराकडे वळले. मी धाकटीच्या हाताकडे पाहत होते. तिने ब्रश इतका दाबून ठोकला की रंग पत्र्याखाली पसरला आणि आमच्या बागेच्या नावाची अक्षरे एकमेकांत मिसळली. बाबांना नंतर ती बिघडलेली फळी दिसली आणि त्यांनी तिला रंधा मारून घ्यायला सांगितले. मालवणी बोलली म्हणून तिचे कौतुक झाले, तो तिचा अपमान होता, हे त्या पडवीत तिला आणि मला सोडून कुणाला समजले नाही.

मोठी झाल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचले. अमेरिकेत कृष्णवर्णीय समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९७२ मध्ये कृष्णवर्णीय मुले गोऱ्या घरांत दत्तक देण्याला ठाम विरोध केला होता. नंतर १९९४ आणि १९९६ च्या कायद्यांनी वंशाच्या कारणावरून मूल घर मिळण्यावाचून अडकवून ठेवण्याला मनाई केली. मला या दोन्ही बाजूंतले दुःख समजते. पण माझे मत असे झाले आहे की मूल कुठल्या घरात जावे हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच त्या घरात त्याच्या चेहऱ्याबद्दल मोकळेपणी बोलता येते का, हाही. आमच्या घरात ते येत नव्हते.

आता कायद्याबद्दल, कारण तिथे 'फरक नाही' हे वाक्य सरळसरळ खोटे ठरले. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे ज्या घरात मुलगी हयात आहे, त्या घराला दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. ती मुलगी मी होते. त्यामुळे १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली बाबांना तिचे फक्त पालकत्व मिळाले, आणि असे पालकत्व मूल सज्ञान होताच संपते. २००० च्या बाल न्याय कायद्याने आणि त्यातल्या २००६ च्या दुरुस्तीने घरात मुलगी असतानाही दुसरी मुलगी दत्तक घेण्याची वाट मोकळी झाली, पण गावात आम्हाला ते सांगणारे कुणी नव्हते. २००९ च्या फेब्रुवारीत धाकटी अठरा वर्षांची झाली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने आमच्यासारख्याच एका जोडप्याला, ज्यांच्या घरी स्वतःची एक मुलगी होती आणि दुसरी पालकत्वाने आलेली होती, दत्तकाचा मार्ग मोकळा करून दिला. आम्ही ते वाचले तोवर आमची वेळ निघून गेली होती. कायद्याच्या दृष्टीने ती आज माझी कुणीही नाही.

बाबांनी नोंदणीकृत मृत्युपत्र केले आणि बाग दोघींच्या नावे ठेवली. ते गेल्यावर सातबाऱ्यावर नावे चढवण्यासाठी आम्ही दोघी एका कार्यालयात गेलो. तिथल्या माणसाने माझ्याकडे पाहून विचारले, "ह्या कोण?" ती समोर बसलेली होती, मृत्युपत्रात तिचे नाव होते, पण प्रश्न मला विचारला गेला. मी म्हणाले, "ह्यांनाच विचारा." तिने सांगितले, "मी त्यांची मुलगी." त्या माणसाने पुन्हा माझ्याकडे पाहिले, जणू मी होकार दिल्याशिवाय ते खरे होणार नव्हते. सड्यावरची ती दहा पावले मला त्या खुर्चीत बसून आठवली. मी म्हणाले, "ही माझ्या पाठची बहीण आहे. तुम्हाला पाहिजे ते कागद तिच्या पिशवीत आहेत, तिच्याकडून घ्या." पुढे काम व्हायला चार महिने लागले, पण त्यानंतर तिथे प्रश्न तिला विचारले गेले.

२०२० च्या मार्चमध्ये पुण्यात भाजी घेत असताना कुणीतरी तिला 'कोरोना' म्हणून हाक मारली. त्या रात्री तिने फोन केला तो मला, आईला नाही. तोवर आम्ही दोघी एकमेकींशी बोलायला शिकलो होतो. सुरुवात तिने केली होती, बऱ्याच उशिरा आणि एका भांडणात: "तायगो, तू पुढे गेलीस ना, ते मला चाललं असतं. मागे वळून बघितलं नाहीस." मी माफी मागितली. तिने लगेच माफ केले नाही आणि ते योग्यच होते.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. २०१५ च्या कायद्याने दत्तक मूल सर्व अर्थांनी त्या घरचे होते, २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात, घराची पाहणी होते, आणि घरात पाच वर्षांहून मोठे मूल असेल तर त्याची संमतीही कागदपत्रांत मागितली जाते. मूल घरी आल्यावर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, विचारपूसही होते. हे सगळे चांगले आहे. पण दोन वर्षांच्या मुलीची विचारपूस ती चार वर्षांची होईतो संपते, आणि 'गुरख्याचा चेडू' हे नाव पडते ते सहाव्या वर्षी. घरातल्या मोठ्या मुलाची सही घेतली जाते, पण शाळेच्या वाटेवर काय होईल, ते त्याला आधी कुणी सांगत नाही. माझी मनापासून इच्छा आहे की त्या मोठ्या मुलाशी कुणीतरी नीट, वेगळे बसून बोलावे. एकदा नव्हे, अनेकदा. बहिणीचा चेहरा वेगळा आहे, लोक त्यावरून बोलतील, ते खोटे नाही आणि लाजेचेही नाही, आणि ते ऐकू आले की घरी येऊन सांगायचे, असे त्याला आईबापांनी आपल्या तोंडाने सांगावे.

रत्नागिरीच्या त्या जोडप्याला मी हेच सांगितले. मग मुलाशी बोलायचे आहे असे म्हटले. तो फोनवर आला आणि त्याने मला एकच गोष्ट विचारली: "ती येईल तेव्हा तिला आवडेल का इथे?" मी म्हणाले की याचे उत्तर मला नाही देता येणार, थांब. धाकटी त्या दिवशी घरीच होती, आमसुले वाळत घालत होती. मी फोन तिच्या हातात दिला. तिने हात पुसले आणि फोन घेऊन ती मागच्या दारी जाऊन बसली. ती दोघे वीस-पंचवीस मिनिटे बोलत होती. काय बोलली ते मी विचारलेले नाही.