मांजराची नखं काढण्याच्या मेसेजला माझं उत्तर

नाशकातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, आमच्या इंदिरानगरच्या ग्रुपवर तर तीन वेगवेगळ्या लोकांनी टाकला. मेसेज थोडक्यात असा की मांजराची नखं ऑपरेशन करून एकदाची काढून टाका, नखं कापण्यासारखंच असतं, भूल देतात म्हणून दुखत नाही, सोफा वाचतो, लहान मुलं सेफ राहतात, फॉरेनमध्ये सगळे करतात, आणि नाहीतरी वैतागून लोक मांजर सोडूनच देतात त्यापेक्षा हे बरं. पाठवणारी माणसं मांजरावर जीव लावणारी आहेत, म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

नखं कापण्यासारखं हे अजिबात नाहीये. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवतं, त्यामुळे ते परत येऊ नये म्हणून ते हाडच सांध्यापासून कापून काढावं लागतं. तुमच्या बोटाचं नखाकडचं शेवटचं पेर बघा, ते अख्खं पेर तोडायचं, आणि नुसते पुढचे दोन पंजे धरले तरी अशी दहा पेरं. मांजर चालतं बोटांवर, आपल्यासारखं तळपाय टेकवून नाही, म्हणजे ज्याच्यावर सगळा भार तेच आपण काढून घेतो. पुढे लंगडणं, पाठ दुखणं हे त्यातूनच येतं. एका अभ्यासात नखं काढलेल्या 137 मांजरांचे एक्स-रे काढले तर त्यातल्या 63 टक्के मांजरांच्या पंजात कापलेल्या हाडाचा तुकडा मागे राहिलेला निघाला. असा तुकडा आत घेऊन ते मांजर रोज चालत असतं आणि आपल्याला वाटतं शांत झालंय.

भूल असते ती ऑपरेशनपुरती. नंतरचं दुखणं काही दिवसांत संपेलच असं नाही, काहींचं वर्षानुवर्षं राहतं, आणि मांजर दुखतंय म्हणून ओरडत नाही, ते लपवतं. लिटरच्या ट्रेमध्ये (शी-शूसाठी ठेवलेला वाळूचा ट्रे) उकरताना पंजा दुखला की ते ट्रेकडे जाणंच टाळतं आणि गादीवर नाहीतर सोफ्यावर शू करतं. ज्या सोफ्यासाठी हे सगळं केलं त्याचं मग काय होतं ते तुम्हीच बघा.

आता मुलांचं, कारण ही काळजी खरी आहे आणि मला ती हलक्यात घ्यायची नाही. पण नखं गेली की मांजराकडे स्वतःला वाचवायला दातच उरतात, आणि नखं काढलेली मांजरं जास्त चावतात असं त्याच अभ्यासात दिसलंय. मांजराचे दात सुईसारखे, चावा खोल जातो आणि पिकतो, आणि रेबीज पसरतो तो लाळेतून. अमेरिकेतली सीडीसी ही रोगनियंत्रणाची सरकारी संस्था तर प्रतिकारशक्ती कमी असलेल्या पेशंटच्या घरीसुद्धा मांजराची नखं काढायला सांगत नाही, नखं छोटी ठेवा म्हणते. मुलाला ओरखडा किंवा चावा काहीही झालं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या, मांजराला लस दिलेली असली तरीसुद्धा.

फॉरेनमध्ये सगळे करतात हे तर साफ चुकीचं. ब्रिटनमध्ये बंदी आहे, इस्रायलने 2011 मध्ये आणली, अमेरिकेत हे जास्त चालायचं तिथेही न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये बंद केलं. आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये प्राण्याचा अवयव तोडणं हा गुन्हा आहे, फक्त पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये, त्यामुळे कोणी घाबरत नाही, आणि मला याचा खरंच राग येतो.

राहिलं मांजर सोडून देण्याचं. सोडून द्यायची वेळच येऊ नये याचा इलाज घरात आहे. मांजर नखं घासतं ते वरचं जुनं टरफल निघून जावं म्हणून (जमिनीवर ती पोकळ पांढरट सालं सापडतात ना, तीच), अंग ताणायला, आणि आपला वास सोडायला. त्याला तेवढी एक जागा द्या. कांद्याच्या व्यापाऱ्याकडून जुनं बारदान आणा, लाकडाच्या ओंडक्याला सुतळीने घट्ट आवळा, मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणेल एवढी उंची हवी आणि हलता कामा नये, हललं तर परत त्याच्या वाट्याला जात नाही. ठेवायचं सोफ्याच्या शेजारीच, कोपऱ्यात नाही.

आणि दर दोन-तीन आठवड्यांनी नखं कापा. मांजर झोपाळलेलं असताना पंजा हातात घेऊन बोट वरून-खालून हलकं दाबलं की नख बाहेर येतं, आतली गुलाबी जिव्हाळी दिसते, तिच्या पुढचं नुसतं टोक कापायचं. एका वेळी दोनच नखं झाली तरी चालतं, बाकीची उद्या. ग्रुपमधल्या कोणाला जमत नसेल तर रविवारी सकाळी मांजर घेऊन या, मी करून दाखवते.