‘रोज वजन करू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नांदेड-लातूरकडच्या आमच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. सार असं: काटा रोज वेगळा आकडा दाखवतो म्हणजे तो खोटा, रोज वजन केलं की टेन्शन येतं आणि टेन्शननेच वजन वाढतं, महिन्यातून एकदा बघितलं तरी पुष्कळ, नाहीतर कपडे सैल झाले का ते बघा, आणि म्हाताऱ्या माणसांनी तर काट्याच्या नादी लागूच नये. खाली हात जोडलेले इमोजी. हात जोडून सांगितलं म्हणून चुकीचं बरोबर होत नाही.

काटा खोटा नसतो. तो फक्त चरबी वेगळी काढून दाखवत नाही. पोटातलं अन्न, आतड्यातला मळ, अंगातलं पाणी, सगळं एकत्र तोलतो. लिटरभर पाणी पिऊन लगेच उभं राहा, किलोभर वाढलेलं दिसेल. लग्नाच्या पंगतीत पापड-लोणचं जरा जास्त झालं की मिठामुळे शरीर पाणी धरून ठेवतं. बायकांचं वजन पाळीच्या आधी चढतं. परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की घामानेच उतरतं. नवरात्राच्या कडक उपवासात तर शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, संपत जातं. त्याचा एक ग्रॅम साधारण तीन ग्रॅम पाणी धरून असतो, ते पाणीही जातं. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत वजन ‘झटकन गेलं’ वाटतं आणि पारणं फिटलं की परत येतं. (साबुदाणा खिचडी आणि शेंगदाण्याच्या लाडवांवर निघणारा उपवास यात धरलेला नाही.)

मोंढ्यात सोयाबीन नेणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ओला माल वजनाला भरतो, पण आडत्या आधी मॉइश्चर बघतो आणि १२ टक्क्यांच्या वर गेलं की भाव पाडतो. आपल्याकडे तसं खात्रीचं मीटर नाही, म्हणून सात दिवसांचे आकडे लिहून सरासरी काढायची आणि या आठवड्याची मागच्या आठवड्याशी ताडून बघायची. एका रात्रीत एक किलो चरबी चढायला रोजच्या गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतील. तेवढं कोणाच्याच पोटात मावत नाही.

महिन्यातून एकदा बघण्याची गोम इथेच आहे. एक तारीख लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आली आणि पुढची उपवासात, तर दीड-दोन किलो कमी झाल्याचा फुकटचा आनंद. उलट झालं तर फुकटचा घोर.

टेन्शनचं म्हणाल, तर ज्यांना खाण्याचा आजार आहे किंवा होऊन गेलाय, आकडा बघून जे जेवण टाकतात, त्यांनी काटा दूर ठेवावा. वयात येणाऱ्या लेकरांना तर रोज काट्यावर उभं करूच नये. बाकीच्यांसाठी पुरावा मेसेजच्या उलट बाजूला झुकतो. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालते. किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेले लोक तिच्यात आहेत आणि त्यातले सुमारे ७५ टक्के आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. तिथेच ३१४ जणांवर झालेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज वजन करणाऱ्यांचं उतरलेलं वजन परत चढण्याचं प्रमाण कमी दिसलं. काट्याने चरबी जळत नाही, हे उघडच आहे. पण गाडी घसरायला लागली की लवकर कळतं. रोज नको वाटत असेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी करा. सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. आणि काटा शहाबादी फरशीवर एकाच जागी ठेवा, सतरंजीवर नको. डगमगला की आकडा हलतो.

कपड्यांबद्दल फार बोलायला नको. लेंग्याची नाडी आणि साडी कितीही वाढलेल्या पोटाला सांभाळून घेतात. टेपने कंबर मोजा, ते कामाचं आहे.

म्हाताऱ्या माणसांबद्दलचं वाक्य मात्र सरळ धोक्याचं आहे. हृदय कमजोर झालेल्या, ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात, त्या पेशंटला डॉक्टरच रोज सकाळी वजन करायला सांगतात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, अंगात पाणी साठत असतं. पाय सुजायच्या, धाप लागायच्या आधीच ते काट्यावर दिसू शकतं. घरात असं कोणी असेल तर वही आणि पेन काट्याजवळच ठेवा, आणि आकडा असा चढला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. लघवीची गोळी आपल्या मनाने वाढवू नका.