कुरोसावांच्या नावावर फिरणारी वाक्यं

'अकिरा कुरोसावांचे जगणं बदलणारे विचार' हा मेसेज मला तीन ग्रुपवरून आला. हा जपानी दिग्दर्शक कधी खचला नाही, त्याची वाक्यं रोज वाचा, तुम्हीही खचणार नाही, असा त्याचा दावा. कुरोसावांवर माझा जीव आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

'वेड्या जगात वेडेच काय ते शहाणे.' हा 'रान' (१९८५) चित्रपटातल्या क्योआमी या विदूषकाचा संवाद आहे. पोटच्या पोरांनी दगा दिल्यावर भ्रमिष्ट झालेल्या म्हाताऱ्या धन्याला सांभाळताना तो हे बोलतो. मेसेजमध्ये त्याखाली 'चाकोरी सोडा, यश तुमचंच' असं लिहिलंय. चित्रपट पाहिलेल्या माणसाच्या हातून हे लिहिलं जाणार नाही.

'कधीच हार मानली नाही' हे तर साफ खोटं. १९७०चा 'दोदेसुकादेन' चालला नाही, पुढच्या कामाला पैसे मिळेनात आणि डिसेंबर १९७१मध्ये कुरोसावांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. ते वाचले. त्यानंतरचा 'देर्सू उझाला' (१९७५) सोव्हिएत स्टुडिओने उभा केला. 'कागेमुशा'चे (१९८०) पैसे अडले तेव्हा जॉर्ज लुकास आणि फ्रान्सिस कोपोला या हॉलिवूडच्या दिग्दर्शकांनी अमेरिकी स्टुडिओकडे शब्द टाकला. एकट्याच्या जिद्दीची गोष्ट ही नव्हेच.

'सिनेमा मला अजून नीट कळलेला नाही', हे मात्र ते १९९०मध्ये, ऐंशीव्या वर्षी, मानद ऑस्कर घेताना खरोखर म्हणाले.

सगळ्यात जास्त लागलं ते शेवटचं वाक्य : 'भीतीकडे सरळ बघा, ती पळून जाईल.' हे शब्द कुरोसावांचे नाहीत, त्यांच्या थोरल्या भावाचे, हेइगोचे आहेत. सप्टेंबर १९२३च्या भूकंपात तोक्यो जळालं. अकिरा तेरा वर्षांचा. हेइगो त्याला त्या राखेतून, प्रेतांच्या खचांमधून फिरवत होता. पोरगं तोंड फिरवायला लागलं की म्हणायचा, अकिरा, नीट बघ. त्या रात्री पोराला गाढ झोप लागली, एकही वाईट स्वप्न नाही. असं कसं झालं, हे विचारल्यावर भावाने ते उत्तर दिलं.

हेइगो पुढे मूकपटांचा निवेदक, म्हणजे चित्रपट चालू असताना थिएटरात उभं राहून गोष्ट सांगणारा, झाला. बोलपट आले, निवेदकांचं काम गेलं, आणि १९३३मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. म्हातारपणी आत्मचरित्रात त्या दिवसाबद्दल लिहिताना कुरोसावा म्हणतात, ती फेरी भावालाही भयंकर वाटली असणार.