पंख्यावरचं नाव, काचेवरचं नाव

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि उत्तर सकाळवर ढकललं. रात्रीचं उत्तर खारट झालं असतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या वसईच्या चर्चमधल्या रंगीत काचेच्या स्मृती-खिडक्यांवर मी भाबडेपणानं लिहिलं. पंख्याच्या पातीवर 'यांच्या स्मरणार्थ' वाचून आपण हसतो, मग तेच काचेवर आलं की कला कसं होतं? शिंपल्याची तावदानं असताना ही साहेबी नक्कल कशाला? काच हळूहळू खाली ओघळते म्हणून बुडाशी जाड होते, हे मी लिहिलं तेही चूक. आणि शेवटी, 'तुमच्या घरातलं कोणी आहे का त्या काचेवर?' एवढं विचारून स्वतःचं नाव मात्र दिलं नाहीत. नावांवरच्या वादात ही गंमतच म्हणायची.

चूक आधी कबूल करतो. जुनी काच फुंकून बनवत, त्यामुळे एकाच तुकड्यात जाड-पातळ भाग यायचे. बसवणाऱ्यानं जाड कड खाली ठेवली की पुढच्या पिढ्यांना वाटतं काच वाहिली. काच शेकडो वर्षांत अशी वाहत नाही. ती ओळ काढून टाकली आहे.

वाकतं ते शिसं. गेल्या उन्हाळ्यात परांचीवर चढून हे हातभर अंतरावरून पाहिलं. काचेचे तुकडे इंग्रजी एच अक्षरासारख्या छेदाच्या शिशाच्या पट्ट्यांत दोन्ही बाजूंनी बसवलेले असतात, सांध्यांना डाख दिलेला असतो आणि फटींत खडूची पूड व जवसाच्या तेलाची लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. सगळं तोललेलं असतं आडव्या लोखंडी गजांवर, तांब्याच्या तारांनी बांधून. उन्हात शिसं फुगतं, रात्री आकसतं, वर्षानुवर्षं. मग एक दिवस अख्खी चौकट पोट सुटल्यासारखी पुढे येते. आपल्याकडे त्यात खारा वारा. गज गंजतो, गंजला की फुगतो, फुगला की दगडाची कड फोडतो. 2021च्या तौक्ते वादळात आमच्या पश्चिमेच्या खिडकीनं दोन तुकडे टाकले, ते वाऱ्याला दमून नव्हे. तारा आधीच तुटलेल्या होत्या.

वर एक संताचा चेहरा आहे, त्याला नाक नाही. खालून कळतही नाही. लाल-निळा रंग काचेच्या अंगातच असतो, कोबाल्ट घातला की निळा. पण नाक-डोळ्यांच्या रेषा काचेच्या बारीक पुडीत धातूचं भस्म कालवून काढतात आणि भट्टीत भाजतात. भाजणं कमी पडलं की त्या रेषा ओलीनं झडतात. केसांचा पिवळा तेवढा टिकलाय, कारण तो चांदीच्या क्षारानं काचेत मुरवलेला असतो.

आता शिंपला. तो मलाही प्रिय आहे. चपटा, अभ्रकासारखा, लाकडी पट्ट्यांत सरकवलेला; गोव्याच्या जुन्या घरांत दुपारी त्यातून येणारा ताकासारखा उजेड दुसऱ्या कशातून येत नाही. पण शिंपला ऊन गाळतो, चित्र धरत नाही. नकलेचं म्हणाल तर बासल मिशन या युरोपीय मिशनरी संस्थेनं 1865 मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. तुमच्या घरावर ती कौलं असतील तर तीही उतरवा, मग बोलू.

तुमचा खरा बाण पंख्याचा. तो लागला. अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेल्या आणि 1858 मध्ये अर्पण झालेल्या कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये खिडक्या सुंदर आहेत. पण भिंतीवरचा मजकूर वाचा. अधिकाऱ्यांची नावं कोरलेली, आणि साध्या शिपायांबद्दल एवढंच की ते इतके होते की नावं लिहिणं शक्य नव्हतं. तिथे उभा राहिलो की मला तुमच्यासारखाच राग येतो. नाव कोणाचं राहणार हे पैसा आणि हुद्दा ठरवतो, देवाच्या घरातसुद्धा.

तरी आमच्या खिडक्यांना मी त्याच मापानं मोजणार नाही. आमच्याकडे जागा थोडी, थडगं काही वर्षांनी दुसऱ्यासाठी पुन्हा उघडतात. नोव्हेंबरच्या 2 तारखेला मृतांसाठी मेणबत्त्या घेऊन जाता तेव्हा कित्येक आज्यांना आपला माणूस नेमका कुठे आहे हे दाखवता येत नाही. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर त्या खिडकीपाशी येतात. काचेच्या तळाशी बोटभर उंचीचं 'ख्रिस्तवासी' आणि नाव, त्यावर हात टेकतात. तिथली काच त्या हातांनी काळवंडलीय. पंख्याच्या पातीला मी कोणी हात टेकताना पाहिलेलं नाही (टेकू नयेच).

हा पैसा गरिबांना द्यायला हवा होता, हेही तुम्ही लिहिलंत. देणाऱ्यानं कशाला द्यायचं ते माझ्या हातात नाही. पण एक अट मी घातली असती: खिडकीच्या पैशाबरोबर तिच्या शिशाचे पैसे ठेवा. स्मरणार्थ काच द्यायला सगळे पुढे, स्मरणार्थ लांबी कोणी देत नाही. मग पाणी गळायला लागलं की घरचा माणूस घमेलं घेऊन चढतो आणि फटीत पांढरं सिमेंट भरतो. सिमेंटला शिशासारखं हलता येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात काच तडकते.

तुमचा शेवटचा प्रश्न. हो, आहे. डाव्या भिंतीची तिसरी खिडकी, माझ्या आजीच्या भावाची. आडनाव आता अर्धंच वाचता येतं, उरलेलं पांढऱ्या सिमेंटखाली आहे. ते घमेलं बाबांनी नेलं होतं आणि शिडी मी धरली होती.