छोट्या केबिनला पाया लागतोच
व्हॉट्सॲपवर फिरतंय की शेतात दहा बाय बाराची लाकडी केबिन हलकी असते, चार सिमेंट ब्लॉकवर ठेवा, पाया नको नि परवानगीपण नको. दोन्ही चूक आहे. अहो हलकी आहे म्हणूनच धोका, वळवाचं वारं पत्र्याखाली घुसलं की छप्पर उचलतं, म्हणून पत्रा वाशाला, वासा खांबाला नि खांब काँक्रीटमधल्या बोल्टला पक्का पाहिजे. सांगलीकडं कृष्णाकाठची काळी माती तर पावसात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते, ब्लॉक वरखाली होतात मग दारच बसत नाही, त्यामुळं कडक मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्याच. आणि परवानगीचं म्हणाल तर महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे निसर्ग जपण्यासाठी बांधकामावर निर्बंध असलेला भाग आहे, पहिल्यांदाच बांधणाऱ्यांनी तहसीलला विचारल्याशिवाय लाकडाची ऑर्डर देऊ नका.