पांडव म्हणजे पाच इंद्रियं असतील तर द्रौपदी कोण?

ती संजयवाली पोस्ट पुन्हा फिरून राहिली आहे. गीता जयंती जवळ आली की येतेच, यावेळी आमच्या मनीषनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली, माहेरच्या ग्रुपवर आली, आणि खाली "किती सुंदर", "डोळे उघडले" अशा कमेंटांची रांग. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. युद्ध संपल्यावर संजय कुरुक्षेत्रावर जातो, अठरा दिवसांत ऐंशी टक्के पुरुष मेले म्हणतात ते इथे खरंच झालं का असा त्याला प्रश्न पडतो, तिथे भगव्या कपड्यातला एक म्हातारा भेटतो आणि सांगतो की पांडव म्हणजे तुझी पाच इंद्रियं, कौरव म्हणजे त्यांच्यावर रोज हल्ला करणारे दुर्गुण, कृष्ण म्हणजे आतला आवाज, त्याच्या हाती रथ दिलास की तू जिंकलास, भीष्म-द्रोण म्हणजे आपण मोठे झालो की ज्यांच्यातले दोष दिसायला लागतात ती वडीलधारी मंडळी, आणि कर्ण म्हणजे वासना, इंद्रियांची सख्खी पण दुर्गुणांच्या बाजूने उभी राहणारी. मग म्हातारा धुळीत नाहीसा होतो. आमच्याकडे आलेल्या पोस्टीखाली कोणीतरी जोडलंय, "हाच महाभारताचा खरा अर्थ, बाकी सगळं टरफल."

महाभारत वाचून स्वतःच्या मनात डोकवावं याला माझी काहीच ना नाही, मी स्वतः वाचते तेव्हा तेच करते. भांडण आहे ते त्या "खरा अर्थ" आणि "टरफल"शी, कारण त्या टरफलात माणसं आहेत.

आधी संजयचंच बघू. हा प्रसंग महाभारतात नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षं बाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती तयार केली, तिच्यात हा म्हातारा कुठेच नाही. आणि जे आहे ते याच्या नेमकं उलटं आहे. शल्यपर्वात संजय रणांगणावर पकडला जातो, धृष्टद्युम्न म्हणतो याला जिवंत ठेवून काय फायदा, सात्यकी तलवार उगारतो, तेवढ्यात व्यास येतात आणि सोडा याला म्हणतात म्हणून तो वाचतो. तिथून रक्ताने माखलेला तो हस्तिनापुराकडे निघतो तर वाटेत दुर्योधन दिसतो, एकटा, जखमी, हातात गदा, आणि डोळे पाण्याने इतके भरलेले की समोर उभा असलेला संजय त्याला आधी दिसतच नाही. ज्याच्या मानेवर तलवार आली होती त्या माणसाला "युद्ध झालं का" असा प्रश्न पडला असं लिहायचं, म्हणजे मूळ गोष्ट उघडूनही न बघता तिचा अर्थ सांगायचा. मेलेल्यांचा आकडाही पोस्टीचा स्वतःचा आहे. स्त्रीपर्वात धृतराष्ट्र विचारतो आणि युधिष्ठिर सांगतो, एक अब्ज छासष्ट कोटी वीस हजार. तो आकडा काही शिरगणतीचा नाही, पण तो बाप विचारतोय आणि जिंकलेला पुतण्या सांगतोय, हे महत्त्वाचं आहे. टक्क्यात ते येत नाही.

आता "पांडव म्हणजे पाच इंद्रियं". ज्या गीतेच्या जयंतीला ही पोस्ट फिरते त्या गीतेलाच विचारू. दुसऱ्या अध्यायात कृष्ण म्हणतो की इंद्रियं इतकी दांडगी आहेत की प्रयत्न करणाऱ्या शहाण्या माणसाचंही मन जबरदस्तीने ओढून नेतात. तिसऱ्या अध्यायात म्हणतो की इंद्रियं, मन आणि बुद्धी ही कामाची, म्हणजे वासनेची, बसायची जागा आहे, म्हणून अर्जुना आधी इंद्रियं आवर. म्हणजे पोस्टीच्या हिशोबाने कृष्ण अर्जुनाला सांगतोय की आधी तुला आणि तुझ्या भावांना आवर! बसत नाही हो हे. यावर एका काकांनी मला तेरावा अध्याय दाखवला, की बघ, शरीरालाच क्षेत्र म्हटलंय. म्हटलंय, बरोबर आहे. पण लगेच पुढे त्या क्षेत्रात काय काय येतं त्याची यादीही दिली आहे, पंचमहाभूतं, अहंकार, बुद्धी, अव्यक्त, दहा इंद्रियं आणि एक मन, पाच विषय, इच्छा, द्वेष, सुख, दुःख वगैरे. त्यात दुर्योधन नाही, भीम नाही. कृष्णाला जिथे आतलं सांगायचंय तिथे तो सरळ आतलं सांगतो, माणसांच्या नावाआड लपवून सांगत नाही.

कठोपनिषदातलं रथाचं रूपक तर पोस्टवाल्यांना फार आवडतं, पण त्यात आत्मा रथात बसलेला आहे, सारथी बुद्धी आहे, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. पोस्टीत इंद्रियं रथात बसली आणि आतला आवाज सारथी झाला. कोणाला स्वतःचं नवं रूपक करायचं असेल तर जरूर करावं, फक्त ते उपनिषदाच्या नावावर खपवू नये.

"कौरव म्हणजे दुर्गुण." इथे मला खरंच वाईट वाटतं. शंभरातल्या एकाचं, विकर्णाचं नाव घ्या. भर सभेत द्रौपदीला ओढून आणली, भीष्म गप्प, द्रोण गप्प, तेव्हा हा दुर्योधनाचा लहान भाऊ उठून म्हणाला की तिच्या प्रश्नाचं उत्तर द्या, माझ्या मते ती जिंकली गेलेलीच नाही. कर्णाने त्याला पोरकट म्हणून खाली बसवलं. पुढे युद्धात भीमाच्या हातून तो मेला आणि सगळ्या धृतराष्ट्रपुत्रांना मारायची शपथ घेतलेल्या त्याच भीमाने त्याच्यासाठी शोक केला. हा विकर्ण कोणता दुर्गुण? आणि युयुत्सु, धृतराष्ट्राचाच मुलगा, वैश्य बाईचा, शंभरात न धरलेला, युद्ध सुरू व्हायच्या आधी युधिष्ठिराने हाक दिली तेव्हा पलीकडून इकडे आला. वाईट बाजूलाही माणूस असतो आणि चांगल्या बाजूच्या हातूनही पाप होतं, हे व्यासांनी जागोजाग दाखवलंय, द्रोणाला मारायला युधिष्ठिर खोटं बोलतो, दुर्योधनाच्या मांडीवर भीम नियम मोडून गदा मारतो. एकदा का कौरवांना दुर्गुण ठरवलं की हे सगळं संपतं, कारण दुर्गुणाला कसंही मारलं तरी चालतं.

"कृष्ण म्हणजे आतला आवाज, त्याचं ऐकलं की विजय." मग उद्योगपर्वाचं काय करायचं? युधिष्ठिर अर्ध्या राज्यावरून पाच गावांवर आला होता, अविस्थल, वृकस्थल, माकंदी, वारणावत आणि पाचवं तुम्ही द्याल ते. त्यानंतर कृष्ण स्वतः तह करायला हस्तिनापुरात गेला. आतला आवाज दुर्गुणांकडे पाच गावं मागायला जातो का? ही हक्काची, जमिनीची, वाटणीची गोष्ट आहे, आणि ती तशीच वाचली पाहिजे.

हे मी उगाच ताणून नाही म्हणून राहिले. आमच्या नात्यातल्या एका बाईंचं वडिलांच्या शेतावरून भावांशी चाललंय, सातबाऱ्यावर नाव चढत नाही, तलाठ्याकडे खेटे मारून मारून थकल्या. त्या एका सत्संगात जातात. तिथे त्यांना सांगितलं गेलं की कौरव बाहेर शोधू नका, ते तुमच्या मनात आहेत, तुमची आसक्ती हाच तुमचा दुर्योधन. बाई घरी येऊन म्हणाल्या, चूक माझीच असेल. सुईच्या टोकावर मावेल एवढीही जमीन देणार नाही म्हणणारा भाऊ बाहेर मोकळा, आणि जिचा हक्क बुडाला ती मनातला दुर्योधन शोधत बसली! जे पुस्तक त्यांच्या बाजूने बोलत होतं तेच त्यांच्या विरोधात वापरलं गेलं. तेव्हापासून ही पोस्ट मला निरुपद्रवी वाटत नाही.

आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालातून मारबत, म्हणजे पीडेचा मोठा पुतळा, निघते, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक ओरडतात, आणि तिच्याबरोबर बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात, त्यांच्या गळ्यात पाट्या असतात, महागाईच्या, भ्रष्टाचाराच्या, त्या वर्षी लोकांना जे काही छळून राहिलं असेल त्याच्या. आपल्या गावाला कधीच असं वाटलं नाही की पीडा फक्त मनात असते, ती कोणीतरी कोणाला तरी देतं हे इथल्या पोराला पण माहीत आहे.

भीष्म-द्रोणांबद्दल पोस्टीत जे आहे ते मला पटतं, पण ते रूपकच नाही. वडीलधाऱ्यांचं चुकतं आणि त्यांच्या विरोधात उभं राहावं लागतं, ही बाहेरच्या खऱ्या माणसांबद्दलची गोष्ट झाली.

आता "कर्ण म्हणजे वासना". राजपुत्रांच्या शस्त्रविद्येच्या प्रदर्शनात पोरगा धनुष्य घेऊन येतो, अर्जुनाने जे केलं ते सगळं करून दाखवतो, आणि कृपाचार्य विचारतात तुझं कुळ कोणतं. कर्णाची मान खाली जाते. नंतर म्हातारा अधिरथ घामाघूम होऊन येतो, कर्ण त्याच्या पायावर डोकं ठेवतो, ते पाहून भीम हसून म्हणतो, सूताच्या पोरा, तू आपला चाबूक धर. हा अपमान वासनेचा होऊ शकतो का? अपमान माणसाचाच होतो, आणि जातीवरूनच झाला. एकलव्याचा अंगठाही असाच "अहंकाराचं समर्पण" झालेला मी प्रवचनात ऐकलाय, रक्त पुसून अगदी स्वच्छ. आणि शेवटी स्त्रीपर्वात गंगेवर मेलेल्यांना पाणी द्यायची वेळ येते तेव्हा कुंती सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ होता, त्यालाही पाणी द्या, आणि युधिष्ठिर कोसळतो. महाभारतातलं एवढं मोठं दुःख, पोस्टीत त्याला जागाच नाही.

दीक्षाभूमी ज्या शहरात आहे तिथे राहून हे विसरून कसं चालेल? बाबासाहेबांनी १९३६ च्या "जातिभेद निर्मूलना"त हाच मुद्दा घेतला होता. शास्त्रांचा खरा अर्थ तसा नाहीच, व्याकरणाने नीट वाचलं तर वेगळं निघतं, असं म्हणून पळवाट काढू नका, लोकांनी ती शास्त्रं कशी समजून घेतली आणि त्यावर कसे वागले ते बघा, असं त्यांनी बजावलं. अंगठा कापायची गोष्ट पिढ्यानपिढ्या कोणाच्या मुलांना कशी ऐकवली गेली, हे विचारल्याशिवाय तिचा गोड अर्थ सांगायचा हक्क कोणालाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतं ते हे, "अहो गांधीजींनीच म्हटलंय." हो, म्हटलंय. अनासक्तियोगाच्या, म्हणजे त्यांच्या गीतेच्या अनुवादाच्या, प्रस्तावनेत ते लिहितात की १८८८-८९ मध्ये गीता पहिल्यांदा हाती आली तेव्हापासूनच त्यांना वाटत होतं की हा इतिहास नाही, युद्धाच्या निमित्ताने माणसाच्या हृदयातलं द्वंद्व सांगितलंय. पण तिथेच थोडं पुढे वाचा. महाभारतकाराने युद्धाचा निरर्थकपणा दाखवला, जिंकणाऱ्यांना रडायला लावलं, पश्चात्ताप करायला लावला, त्यांच्या हाती दुःखाशिवाय काही ठेवलं नाही, हेही गांधींनीच लिहिलंय. म्हणजे आतलं द्वंद्व सांगतानाही त्यांनी बाहेरची गोष्ट शेवटपर्यंत वाचली होती आणि तिच्यावरच आपलं म्हणणं उभं केलं होतं. बरं, हा माणूस आतल्या लढाईवर थांबला का? सेवाग्राम इथून दोन तासांवर आहे, जाऊन बघा.

विनोबांचंही तेच. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पहिल्याच प्रवचनात न्यायाधीशाचा दाखला आहे, शेकडो लोकांना फाशी सुनावणारा, आणि स्वतःचा मुलगा पुढे उभा राहिला की फाशी किती अमानुष यावर बोलायला लागणारा. तो अर्जुन आहे. विनोबांचा अर्जुन नातेवाईक समोर पाहून डगमगलेला जिवंत क्षत्रिय आहे, इंद्रिय नाही.

संतांनीही रूपकं केली, भरपूर केली. नाथांच्या भारुडात विंचू चावतो आणि तिथल्या तिथे सांगितलं जातं की हा काम-क्रोधाचा विंचू. ऐकणाऱ्याला कुठेच फसवणूक नाही. ज्ञानोबांसारखा रूपकाचा राजा मराठीत दुसरा नाही, पण गीतेची कथा सुरू करताना ते काय म्हणतात? "तरी पुत्रस्नेहें मोहितु । धृतराष्ट्रु असे पुसतु ।" पोराच्या मायेने आंधळा झालेला बाप, त्याचा प्रश्न, तिथून सुरुवात. बाप बापच राहिला.

आणि द्रौपदी? सगळ्या पोस्टीत तिचं नाव नाही. पाच इंद्रियांनी लग्न कोणाशी केलं, जुगारात कोणाला लावलं, हे सांगता येत नाही म्हणून ती गाळली असावी. सभेत ओढून आणण्याआधीच तिने विचारलं होतं, आधी स्वतःला हरला की मला? जो स्वतःच दास झाला त्याचा दुसऱ्यावर हक्क उरतो का? भीष्मासारखा माणूस म्हणाला की धर्म सूक्ष्म आहे, मला नीट उत्तर देता येत नाही. तो प्रश्न अख्ख्या सभेला होता, राजाला होता, कायद्याला होता. सगळी पात्रं माझ्याच मनाचे तुकडे मानले तर तिचा प्रश्न ऐकायला समोर कोणी उरतच नाही, विचारायलाही कोणी उरत नाही. गांधारीचंही तसंच. शंभर पोरांची प्रेतं बघून तिने कृष्णाला सुनावलं की तुला थांबवता आलं असतं, तू थांबवलं नाहीस, छत्तीस वर्षांनी तुझंही कुळ असंच आपसात मरेल. कृष्णाने तो शाप नाकारला नाही.

एवढं लिहिल्यावर ग्रुपवर एकीने विचारलं की मग पोस्ट पाठवूच नको का. पाठव बाई. पण वर लिही की हे आजच्या कोणीतरी केलेलं रूपक आहे, संजयच्या तोंडी घालू नको, आणि ती टरफलवाली ओळ काढून टाक.